चिमूट

पहिला दिसला तो रात्री पावणेबाराला,
पाणी प्यायला उठले तेव्हा.
फ्रिजच्या उजेडात माशांच्या टाकीच्या काचेवर
पांढऱ्या दोऱ्याचा एवढासा तुकडा,
आणि तो सरकत होता.

भिंग आणलं. दिवसभर परळच्या लॅबमध्ये
लोकांच्या प्लेटलेट मोजते मी,
घाबरायच्या आधी मोजायची सवय.
सात. शेवाळाखाली आणखी चार.
त्रिकोणी डोकं, दोन तिरळे डोळे,
बारावीच्या जर्नलात एचबी पेन्सिलीने काढलेला
तोच चपटकृमी, एकाचे कापून दोन होणारा.
आकृतीला दहापैकी नऊ मिळाले होते.
जर्नलात नमुना. स्वयंपाकघरात किडा.

कुर्ल्याचा मुश्ताक, ज्याच्याकडून पाणवनस्पती आणली
आणि तिच्याच मुळांत बसून हे फुकट आले असणार,
म्हणाला, औषध देतो ताई, पण गोगलगायीही मरतील.
गोगलगायींना तरी मी कुठे बोलावलं होतं!
तरी नको म्हटलं.
मग त्याने बाटली सांगितली:
इंजेक्शनची रिकामी, रबरी बुचाला जाड सुईने भोक,
आत कोंबडीचा तुकडा, तांदळाएवढा.
सकाळी आत वळवळ. चहाच्या आधी उकळतं पाणी.
तेवीस.
तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस.

बुधवारी पालिकेचा मलेरियावाला आला.
कन्नमवार नगरात तो सगळ्यांच्या कुंड्या ओळखतो.
बशा उपड्या केल्या, मनी प्लांटची बाटली हलवून पाहिली,
टाकीवर टॉर्च मारला आणि बराच वेळ गप्प.
"डासाची अळी नाय ही. गप्पी आहेत ना, ते ठेवतायत होय!
पण खायला जास्त पडतंय, ताई. तळ बघा."
खड्यांच्या फटींत खाद्याचा थर,
विसरलेल्या पोह्यांसारखा फुगलेला.

मी तर एकदाच घालते. सकाळी. चिमूटभर.

त्या रात्री झोपेचं सोंग घेतलं.
साडेदहाला तात्या आले, माझे सासरे.
झाकण उचललं, चिमूट सोडली, "जेवा रे" म्हणाले.
अकराला पुन्हा.
"आज कुणी घातलंच नाही वाटतं," टाकीलाच विचारलं.
पावणेबाराला पुन्हा.
दर वेळी तेवढीच चिमूट, कणभर इकडेतिकडे नाही.

एकतीस वर्षं रेशनच्या दुकानात काटा धरला या माणसाने.
काटा थांबल्याशिवाय पिशवी उचलू देत नसत.
घासलेटचा फेस बसेपर्यंत मापावरून नजर काढत नसत.
कार्डावर नोंद झाल्याशिवाय
पुढचं नाव पुकारत नसत.

आता माप आहे. नोंद नाही.

म्हणजे तीन दिवस मी बाटलीत धरत होते
ते यांचं विसरणं,
शेपट्या फुटलेलं.

नवऱ्याला सांगितलं नाही अजून.
केमिस्टकडून गोळ्यांची आणखी एक डबी आणली,
सोम ते रवि, सात खणांची, तात्यांची आहे तशीच.
एकेका खणात एकेक चिमूट.
वर मार्करने लिहिलं: मासे.
"हे तुमच्या ताब्यात," म्हटलं,
"खण रिकामा, म्हणजे त्यांचं जेवण झालं."
त्यांनी सोमवार उघडला, तळहातावर जोखला.
"कमी आहे," म्हणाले.
"पण कोटाच तेवढा असेल, तर आपण काय करणार."

दुसऱ्या संध्याकाळी लॅबमधून आले
तर गोळ्यांच्या डबीवरही अक्षर उमटलेलं,
थरथरतं, पण दुकानाच्या फळ्यावरच्यासारखं ठळक:
मी.

बाटलीत आता दोन-तीनच सापडतात. कधी एकही नाही.
एक मात्र आहे, फिल्टरच्या वर, कोपऱ्यात,
रात्री पाण्याला उठले की दिसतो.
भिंग काढत नाही.
आजचा खण बघते, दोन्ही डब्यांचा,
आणि फ्रिज लावून टाकते.